आधी आराखडा पुरा, मग पहिला खांब

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

लाकडाच्या उंच इमारतींविषयीच्या बातम्या आणि लेख अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. नॉर्वेतील ब्रुमुनडाल गावची 85.4 मीटर उंचीची ‘म्योसतोर्नेत’ (2019) किंवा अमेरिकेतील मिलवॉकी शहराची 25 मजली ‘असेंट’ (2022) ही नावे आता या क्षेत्राबाहेरच्या वाचकांनाही थोडीफार परिचयाची झाली आहेत. अशा मजकुराचा सूर बहुतेक वेळा ठरलेला असतो. इमारत किती उंच, जगात तिचा क्रमांक कितवा आणि तिच्यामुळे किती कर्ब वाचला, एवढे सांगून लेख संपतो. आरसीसी इमारतींच्या संरचनेचे हिशेब करण्यात उमेदीची वर्षे गेलेला अभियंता म्हणून मला या वर्णनांत एक बाब नेहमी निसटलेली दिसते, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. या इमारती ज्या वेगाने आणि ज्या अचूकतेने उभ्या राहतात, त्याचे श्रेय लाकडापेक्षाही अधिक एका शिस्तीला जाते. कारखान्यात पहिले पॅनेल कापण्यापूर्वी संपूर्ण आराखडा, अगदी शेवटच्या पाइपाच्या भोकापर्यंत, संगणकावर पुरा करून गोठवण्याची ही शिस्त आहे.

उदाहरणादाखल कॅनडातील व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे ‘ब्रॉक कॉमन्स टॉलवूड हाउस’ हे वसतिगृह घेतो. 2017 मध्ये पूर्ण झालेली ही 18 मजली, सुमारे 53 मीटर उंचीची इमारत 404 विद्यार्थ्यांच्या निवासासाठी बांधली गेली. तिच्याहून उंच लाकडी इमारती त्यानंतर झाल्या, परंतु तिच्या बांधकामाची नोंद इतकी तपशीलवार प्रसिद्ध झालेली आहे की कौतुकाच्या पलीकडे जाऊन काही शिकायचे असेल, तर मला तीच अधिक उपयोगी वाटते. पाया, तळमजला आणि जिने व लिफ्ट सामावणारे दोन गाभे काँक्रीटचे असून त्यावरचे 17 मजले लाकडी संरचनेचे आहेत. खांब मुख्यतः ग्लुलॅमचे, म्हणजे तंतूंची दिशा एकच ठेवून चिकटवलेल्या लाकडी पट्ट्यांचे आहेत. स्लॅबच्या जागी सीएलटीची (क्रॉस-लॅमिनेटेड टिंबरची) पॅनेल आहेत. फळ्यांचा एक थर आडवा आणि पुढचा उभा असे एकूण पाच थर चिकटवून ती तयार होतात. कल्पना प्लायवूडचीच, फक्त पातळ पापुद्र्यांऐवजी जाड फळ्या वापरलेल्या आणि एकूण जाडी 169 मिलिमीटर. दर मजल्याला अशी 29 पॅनेल लागली, आणि काँक्रीटच्या तळाचा सर्वांत खालचा लाकडी मजला वगळता, लाकडी तळ असलेल्या उरलेल्या 16 मजल्यांची मिळून 464. तुळया जवळजवळ नाहीतच. पॅनेल थेट खांबांच्या डोक्यावर विसावतात.

या इमारतीतला एक सांधा जरा जवळून पाहण्यासारखा आहे. लाकूड तंतूंच्या दिशेने चांगले दाबबल सोसते, पण तंतूंना आडवे दाबले तर ते चेपते. 17 मजल्यांचा भार वरच्या खांबातून पॅनेलवर आणि पॅनेलमधून खालच्या खांबात असा उतरवला असता, तर प्रत्येक मजल्यावर पॅनेल थोडे थोडे दबत गेले असते. म्हणून खालच्या खांबाच्या माथ्यावर आणि वरच्या खांबाच्या बुडाशी कारखान्यातच पोलादी पट्टी आणि पोकळ नळीचा तुकडा बसवून ठेवला गेला. वरची नळी खालच्या नळीत उतरते, भार पोलादातून खांबाकडून खांबाकडे जातो आणि पॅनेलच्या वाट्याला केवळ त्याच्या मजल्याचे वजन येते. तरीही इतक्या मजल्यांचे लाकडी खांब कालांतराने किंचित आखडणार आणि शेजारचे काँक्रीटचे गाभे त्या प्रमाणात आखडणार नाहीत, हे गणिताने आधीच दिसत होते. त्यासाठी ठरावीक मजल्यांवर खांबांखाली पातळ पोलादी चकत्या घालून उंची आगाऊ वाढवून ठेवली होती. हे सारे जागेवर सुचणारे उपाय नव्हेत. ते नकाशातच सुचावे लागतात.

या प्रकल्पात वास्तुरचना, संरचना, पाणी, वीज आणि वायुवीजन या सर्वांची माहिती एकाच त्रिमितीय प्रारूपात आणण्याचे काम एका स्वतंत्र संस्थेकडे सोपवलेले होते. कोणता पाइप कोणत्या पॅनेलमधून, कोणत्या बिंदूवर आणि किती व्यासाच्या भोकातून जाणार, हे त्या प्रारूपात ठरले. तीच माहिती पुढे कारखान्यातील संगणकनियंत्रित कापणी यंत्राला मिळाली आणि पॅनेल साइटवर आले ते भोके पडलेल्या अवस्थेतच. प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी इमारतीच्या एका भागाचा पूर्ण आकाराचा दोन मजली नमुना उभारून सांधे खरोखर बसतात का, हेही पाहिले गेले. ट्रकमध्ये पॅनेल रचण्याचा क्रम हा त्यांच्या उभारणीचाच क्रम होता, कारण विद्यापीठाच्या आवारात माल रचून ठेवायला जागा नव्हती. गाभे आधीच उभे होते. त्यानंतर 2016 च्या उन्हाळ्यात, सुटे भाग साइटवर येऊ लागल्यापासून 70 दिवसांच्या आत, लाकडी सांगाडा आणि बाहेरच्या भिंतींची तयार पॅनेल दोन्ही बसून झाली.

‘सत्तर दिवसांत वसतिगृह’ असा मथळा कोणालाही मोहात पाडील. पण ते सत्तर दिवस ज्या महिन्यांनी विकत घेतले, ते महिने संगणकापुढे गेले होते आणि त्यांचा मोबदला कोणीतरी आधी मोजला होता, ही गोष्ट मथळ्यात मावत नाही.

आता आपल्याकडचा एक नेहमीचा प्रसंग पाहा. स्लॅब भरून पंधरवडा होतो तेव्हा प्लंबिंगचे सुधारित नकाशे येतात आणि शौचालयाचा शाफ्ट, म्हणजे पाइपांसाठीची उभी पोकळी, अर्ध्या फुटाने सरकलेला असतो. सेंटरिंगवर (स्लॅब ओतण्याच्या साच्यावर) पाइपासाठी जपून ठेवलेल्या स्लीव्हची, म्हणजे नळीच्या तुकड्याची, जागा बुजवली जाते आणि नव्या जागी कोअर कटिंगचे, म्हणजे काँक्रीटमध्ये गोल भोक कापणारे, यंत्र लागते. पाण्याबरोबर राखाडी चिखल खालच्या मजल्यावर गळत राहतो. अखेर काँक्रीटचा गोल गाभा बाहेर निघतो, तेव्हा त्याच्या कडेला कापलेल्या सळईची दोन चकचकीत टोके दिसतात. आरसीसी कन्सल्टंटला हे कळते किंवा कळत नाही. बिलात ‘एक्स्ट्रा आयटम’ची एक ओळ वाढते आणि काम पुढे सरकते. काँक्रीट हे अतिशय क्षमाशील साहित्य आहे, आणि त्याच्या याच गुणाने आपल्याला आराखडा अर्धवट ठेवून काम सुरू करण्याची सवय लावली आहे. शेकडो किलोमीटरवरच्या कारखान्यात कापून आलेल्या लाकडी पॅनेलला अशी मनमानी खपत नाही. त्याला जागेवर भोक पाडता येत नाही असे नाही, पण प्रत्येक बदल चटकन डोळ्यांत भरतो, खर्चात दिसतो आणि कोणाच्या नावावर टाकायचा हे विचारले जाते. लाकडी बांधकामाने रचनाकारांना शिस्त लावली ती बहुधा नाइलाजानेच!

या तंत्राचे जे रूप छायाचित्रांतून अधिक गाजते, त्याविषयी माझे मत काहीसे वेगळे आहे. स्वित्झर्लंडमधील बील येथे जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी रचलेल्या स्वॉच या घड्याळ कंपनीच्या मुख्यालयाच्या (2019) वक्र छतात सुमारे 4,600 लाकडी घटक असून त्यांचे आकार एकमेकांपासून वेगळे आहेत. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील एका छतात यंत्रमानवाने 48,624 लाकडी पट्ट्या रचल्या आहेत. या दोन्ही कामांमागचे कौशल्य वादातीत आहे आणि असे छत हातकामाने मापात बसवणे जवळजवळ अशक्य होते, हेही मान्य. तथापि ज्यांना वसतिगृहे, रुग्णालये, शाळा आणि कर्मचारी निवासस्थाने बांधायची आहेत, त्यांच्यासाठी संगणकीय रचनेचा खरा उपयोग आकाराच्या करामतीत नाही. ब्रॉक कॉमन्सचा मजला दिसायला कंटाळवाणा आहे, कारण तीच पॅनेल, तेच खांब आणि तोच सांधा मजल्यामागून मजला पुन्हा येतो. पण तिसऱ्या मजल्यावर सापडलेली अडचण चौथ्यावर दुरुस्त होते आणि दहाव्या मजल्यापर्यंत उभारणाऱ्यांचा हात बसतो, तो याच कंटाळवाणेपणामुळे.

संगणकाने सर्व काही अचूक होते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या पीव्ही हॉल या इमारतीचे बांधकाम सुरू असताना मार्च 2018 मध्ये सीएलटीच्या एका पॅनेलचे थर सुटून त्याचा भाग खाली कोसळला. ही इमारत वनशास्त्र महाविद्यालयाचीच असल्याने त्या घटनेची चर्चा जरा अधिकच झाली. चौकशीत कारण निघाले ते अगदी साधे होते. फळ्या गरम असल्याने पॅनेल दाबाखाली जाण्यापूर्वीच सरस वाळू लागला होता. त्यानंतर सदोष असण्याची शक्यता असलेली इतर पॅनेलही बदलावी लागली. प्रारूपातले परिमाण मिलिमीटरपर्यंत बिनचूक असले, तरी फळीतील ओलावा, सरसाचे तापमान आणि दाब टिकवण्याचा वेळ यांवर माणसाचीच नजर लागते. त्याच देशात कारखान्यातून इमारती बाहेर काढू पाहणारी ‘कतेरा’ ही गुंतवणूकदारांची लाडकी कंपनी 2021 मध्ये दिवाळखोरीत गेली. या कंपनीने दक्षिण भारतातील तयार काँक्रीट घटकांचा एक उद्योगही आपल्यात विलीन करून घेतला होता, त्यामुळे तिच्या पडझडीची झळ आपल्याकडेही पोहोचली. कारखान्याचा खर्च रोजचा असतो आणि इमारतींच्या मागण्या मात्र लाटेसारख्या येतात, हे गणित कोणत्याही आज्ञावलीने सुटलेले नाही.

पर्यावरणाच्या हिशेबाबद्दलही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. ब्रॉक कॉमन्समध्ये सुमारे 2,233 घनमीटर लाकूड वापरले गेले आणि त्यात सुमारे 1,753 टन कार्बन डायऑक्साइडइतका कर्ब साठून राहिला, असे प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात. घनमीटरमागे पाऊण टनाहून थोडे अधिक हे प्रमाण लाकडाच्या घनतेशी जुळते, तेव्हा आकड्यात खोट नाही. परंतु हा कर्ब इमारत उभी असेपर्यंतच तेथे आहे. साठ वर्षांनी ती पाडून लाकूड जाळले, तर तो पुन्हा हवेत जाणार. शिवाय तोडलेल्या झाडाच्या फांद्या, मुळे, साल आणि करवतीचा भुसा या आकड्यात येत नाही, आणि तोडलेल्या जागी जंगल पुन्हा उभे राहिले की नाही, हेही त्यात दिसत नाही. ब्रिटिश कोलंबियातच 2021 मध्ये फेअरी क्रीक येथे शेकडो वर्षे जुन्या वृक्षांची तोड थांबवण्यासाठी मोठे आंदोलन झाले, हे विसरून त्या प्रांताच्या लाकडाला सरसकट हरित म्हणता येणार नाही. सिमेंट उद्योगाचा जागतिक कर्ब उत्सर्जनातील वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे, त्यामुळे काँक्रीट कमी करण्याचा कोणताही प्रामाणिक प्रयत्न मोलाचा आहेच. पण तो हिशेब जंगलापासून पाडकामापर्यंत मांडावा लागतो. सांधे पोलादी असल्यामुळे अशी इमारत सुटी करता येईल, असे म्हटले जाते. मात्र ब्रॉक कॉमन्सच्या पॅनेलवर काँक्रीटचा पातळ थर ओतलेला असल्याने ते काम वाटते तितके सोपे राहणार नाही.

आगीविषयी एवढेच सांगतो की जाड लाकूड बाहेरून कोळसा होत आत सरकते आणि युरोपीय संहितेनुसार सूचिपर्णी लाकडाच्या बाबतीत हा वेग मिनिटाला साधारण 0.65 मिलिमीटर धरतात, त्यामुळे किती जाडी ‘बळी’ द्यायची, याचे गणित करता येते. ब्रॉक कॉमन्समध्ये तेवढ्यावर विसंबून न राहता जवळजवळ सर्व लाकूड जिप्सम बोर्डाच्या अनेक थरांआड झाकले आहे. त्या वेळी तेथील नियमांत लाकडी निवासी इमारतींना सहाच मजल्यांची मुभा असल्याने या एका इमारतीसाठी वेगळा नियम करावा लागला होता. विद्यार्थ्यांना आपण लाकडी इमारतीत राहतो, हे खोलीत बसून कळतही नसावे.

मग असे बांधकाम आपल्याकडे करावे का, हा प्रश्न साहजिकच येतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने 1993 मध्ये आपल्या कामांत लाकडाच्या वापरावर घातलेली बंदी 2020 मध्ये उठवली, तेव्हा कागदावरची मोठी अडचण दूर झालेली आहे. परंतु लाकूड आणायचे कोठून? आलापल्लीचे सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेले, ते योग्यच झाले. असे लाकूड जिप्समआड दडणाऱ्या पॅनेलमध्ये घालणे हा शुद्ध अपव्यय ठरेल. कांडला बंदरावर उतरणारे न्यूझीलंडचे पाइन या कामाला चालेल, पण मग अर्ध्या पृथ्वीचा सागरी प्रवास हिशेबात धरावा लागेल. व्हँकुव्हरला उन्हाळा कोरडा असतो आणि उभारणी जून ते ऑगस्टमध्ये उरकली. आपल्याकडे नेमके तेच महिने धो धो पावसाचे, आणि कोकणात वर वाळवी आहेच. छोट्या, कमी उंचीच्या, पावसाळ्यापूर्वी छप्पर चढेल अशा इमारतींवर प्रयोग जरूर व्हावेत, बांबूच्या चिकटवलेल्या घटकांवरही व्हावेत. पण मुंबई-पुण्यात लाकडी मनोरे उभे राहण्याची मला घाई दिसत नाही.

याउलट त्या इमारतीमागची शिस्त आणायला ना जंगल लागते, ना बंदर. नागपूर मेट्रोच्या कामात खर्च आणि वेळापत्रकासह संगणकीय प्रारूप वापरले गेले, त्याची बरीच प्रसिद्धीही झाली. तेव्हा आपल्या अभियंत्यांना हे जमत नाही, असे म्हणण्याला आधार नाही. अडते ते पैशाच्या क्रमात. वास्तुविशारद आणि कन्सल्टंट यांच्या शुल्काचा बराचसा भाग काम सरकेल तसा सुटतो, त्यामुळे पायाची खोदाई होण्यापूर्वी सर्व नकाशे पुरे करून देण्यात कोणाचेच हित नसते. निविदा निघते ती ढोबळ नकाशांवर, ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’ (बांधकामासाठी अंतिम) असा शिक्का असलेले नकाशे हप्त्याहप्त्याने साइटवर येतात, आणि स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी साइट इंजिनिअर शाफ्टच्या मापासाठी फोन लावत बसतो. ठेकेदारालाही हे सोयीचे असते, कारण प्रत्येक बदल हा वाढीव दराच्या मागणीचे निमित्त ठरतो. कॅनडातील प्रकल्पात ठेकेदार आणि लाकूड पुरवठादार रचनेच्या टप्प्यातच चर्चेला बसले होते. आपल्या सार्वजनिक निविदांच्या नियमांत ठेकेदार इतक्या लवकर आणणे कठीण आहे, हे मला ठाऊक आहे. पण निविदेपूर्वी आराखडा पुरा करण्यापासून कोणताही नियम आपल्याला अडवत नाही.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने एखादे विद्यार्थी वसतिगृह निवडावे, तेही खुशाल आरसीसीचेच. त्याचे सर्व सेवावाहिन्यांसह त्रिमितीय प्रारूप निविदेपूर्वी पूर्ण करून घ्यावे, रचनाकारांना त्या टप्प्यावरच शुल्काचा मोठा हिस्सा द्यावा आणि त्यानंतरच्या प्रत्येक बदलावर तो मागणाऱ्याचे नाव व कारण लिहावे. काम संपल्यावर किती ठिकाणी कोअर कटिंग करावे लागले, किती ‘एक्स्ट्रा आयटम’ निघाले आणि वेळापत्रक कोठे घसरले, याचा तक्ता शेजारच्या नेहमीच्या पद्धतीने बांधलेल्या एखाद्या इमारतीच्या तक्त्यासह प्रसिद्ध करावा. परदेशातील पुढच्या विक्रमी लाकडी मनोऱ्याच्या बातमीला आपण जेवढी जागा द्याल, तेवढी या तक्त्यालाही द्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, पुणे